त्रिनिदादच्या दारीं पाहुणे

प्रवासास निघालेला मनुष्य दोन वस्तु हटकून बरोबर घेतो : एक पैशांची पिशवी आणि दुसरी पाहावयाच्या स्थळांची यादी. पिशवी दिवसेंदिवस हलकी होत जाते, यादीहि आंखूड होत जाते, आणि शेवटच्या नांवावर खूण झाली कीं देश पाहून झाला असें पुष्कळांस वाटतें. एखादें स्थळ सुंदर आहे हें डोळ्यांस तत्काळ दिसतें. परंतु तें आजवर सुंदर कसें राहिलें, हें कोणास तरी विचारल्यावांचून कळत नाहीं. कॅरिबियन समुद्रांतील त्रिनिदाद व टोबॅगो या जोडबेटांचें दर्शन घेण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां हा प्रश्न आम्हीं ठिकठिकाणीं विचारला. त्याचीं जीं उत्तरें मिळालीं, तीं आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नकाशा उघडून दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा शोधावा. व्हेनेझुएला देशापासून सुमारें ११ किलोमीटरांवर त्रिनिदाद हें मोठें बेट आहे, आणि त्याच्या ईशान्येस टोबॅगो हें धाकटें बेट आहे. १४९८ सालीं कोलंबस येथें आला व त्यानें मोठ्या बेटास त्रैक्यवाचक नांव दिलें. स्पॅनिश व इंग्रज अशा सत्ता भोगून हीं बेटें ३१ ऑगस्ट १९६२ रोजीं एक स्वतंत्र देश झालीं. जानेवारीपासून मेपर्यंत येथें कोरडा ऋतु असतो. पुढें डिसेंबरपर्यंत पावसाचे दिवस. समुद्रकांसवें मार्चपासून ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावर येतात. कोरडी हवाहि मिळावी आणि कांसवेंहि दिसावीं म्हणून आम्हीं एप्रिल महिना निवडला होता.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. शहरालगत एक विस्तीर्ण हिरवें मैदान आहे. त्याच्या कडेला शहाळें पिऊन आम्ही उत्तरेकडील डोंगर चढूं लागलों. वळणावळणाचा तो रस्ता माराकास या रम्य उपसागराकडे उतरतो. एका बाजूस दाट रान, दुसऱ्या बाजूस खोल निळा समुद्र. हा रस्ता दुसऱ्या महायुद्धांतील आहे. बेटाचें वायव्य टोंक तेव्हां अमेरिकन आरमाराच्या ताब्यांत गेलें व तेथील किनारे लोकांस बंद झाले. त्यांचा मोबदला म्हणून अमेरिकनांनीं हा मार्ग बांधून दिला. तेव्हां माराकासच्या वाळूंत खेळणाऱ्या मुलांच्या आनंदालाहि एक लहानसा इतिहास आहे.

तेथून अगदीं निराळें असें स्थळ नैर्ऋत्य कोपऱ्यांत ला ब्रेआ गांवीं आहे. तेथें सुमारें १०० एकरांचें एक तळें आहे, परंतु तें पाण्याचें नसून डांबराचें आहे! नैसर्गिक डांबराचा एवढा मोठा सांठा जगांत दुसरा नाहीं. त्याचा पृष्ठभाग हत्तीच्या कातडीप्रमाणें सुरकुतलेला असून बहुतेक ठिकाणीं त्यावरून चालतां येतें. मात्र वाटाड्या दाखवील तेथेंच पाऊल टाकावें लागतें, कारण मधूनमधून तें मऊ आहे. १५९५ सालीं सर वॉल्टर रॅले यानें याच डांबरानें आपल्या गलबतांच्या फटी बुजविल्या. आजहि तेथून डांबर काढतात, आणि खणलेला खड्डा कांहीं काळानें खालून हळूहळू भरून येतो. या तळ्याविषयीं तेथील मूळ रहिवाशांची एक कथा आहे. विजयाच्या उन्मादांत एका जमातीनें गुंजनपक्षी मारून खाल्ले. ते चिमुकले पक्षी म्हणजे पूर्वजांचे आत्मे होते. देव कोपला, धरणी दुभंगली आणि सारें गांव डांबरांत गडप झालें. कथा ती कथाच. परंतु हाव धरणाऱ्याच्या पायांखालची भूमि टिकत नाहीं, हें ज्यांनीं तींत सांगून ठेविलें ते लोक भोळे नव्हते, असें आम्हांस वाटलें.

कारोनी नांवाच्या दलदलींत आम्ही संध्याकाळीं सपाट तळाच्या होडींतून शिरलों. दोहों बाजूंस तिवरांचें बन, त्याच्या मुळ्यांचीं कमानदार जाळीं आणि खालीं निश्चल काळसर पाणी. एका मोकळ्या जलाशयाशीं नावाड्यानें यंत्र बंद केलें. समोर हिरवें बेट होतें. परंतु तें बरेंच दूर होतें, आणि आणखी जवळ नेण्याविषयीं कोणी कितीहि विनविलें तरी तो मान हालवी. सूर्य कलूं लागतांच पश्चिमेकडून एक तांबडा ठिपका आला. मग पांच, मग पन्नास. पाहतां पाहतां शेंकडों तांबड्या शराट्या त्या बेटावर उतरल्या आणि हिरव्या झाडांस जणूं एकाएकीं पांगाऱ्याचा बहर आला. आपल्याकडील काळ्या-पांढऱ्या शराट्यांचीच ही बहीण. तिचीं पिलें करड्या रंगाचीं असतात. खेंकडे-झिंगे खाऊन खाऊन त्यांचीं पिसें लाल होतात. हा त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी असून राजमुद्रेवरहि आहे. तरीहि मांसासाठीं त्याची चोरून शिकार होत असे, म्हणून २०१८ सालीं कायद्यानें त्यास विशेष संरक्षण द्यावें लागलें. राजमुद्रेवर बसविल्यानें पक्षी सुरक्षित होत नाहीं. तो सुरक्षित होतो दूर थांबणाऱ्या नावाड्यामुळें.

आतां ज्या स्थळानें आमच्या अंतःकरणाचा ठाव घेतला, त्याकडे वळूं. १८४५ च्या ३० मे रोजीं फातेल रझाक हें गलबत सुमारें सव्वादोनशें हिंदी मजुरांस घेऊन त्रिनिदादला लागलें. तेव्हांपासून १९१७ पर्यंत जवळजवळ दीड लाख माणसें ऊंसाच्या मळ्यांत करारानें राबण्यासाठीं तेथें नेण्यांत आलीं. त्यांपैकीं बहुतेक संयुक्त प्रांत व बिहार येथील होतीं. अशाच एका कुटुंबांतील शिवदास साधु हा गृहस्थ लहानपणीं आईबापांबरोबर तेथें गेला. १९४७ सालीं त्यानें वॉटरलू येथें समुद्रकांठीं एक लहान देऊळ बांधिलें. जमीन एका साखर कंपनीची होती. कंपनीनें देऊळ पाडण्यास सांगितलें. त्यानें आपल्या हातानें तें पाडण्याचें नाकारिलें. त्याबद्दल त्यास १४ दिवसांचा तुरुंगवास घडला, आणि देऊळ जमीनदोस्त झालें.

भूमीवर जागा नाहीं, तर समुद्रावर तरी कोणाची मालकी आहे? असा विचार करून शिवदासानें ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या चिखलांत भर घालण्यास आरंभ केला. दिवसभर मजुरी करावी, आणि सायकलला बादल्या अडकवून दगड, वाळू, सिमेंट वाहावें. लोक त्यास वेडा म्हणत. भरती येई, रचलेलें वाहून नेई. तो पुन्हां रची. अशीं सुमारें २५ वर्षें गेलीं. त्याच्या मृत्यूनंतर लाटांनीं तें देऊळ जीर्ण केलें. परंतु हिंदी लोकांच्या आगमनास १९९५ सालीं १५० वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं, त्या सुमारास सरकारनेंच त्याचा जीर्णोद्धार केला. आज एक बांधीव वाट समुद्रांत जाते आणि तिच्या टोंकाशीं तें अष्टकोनी शुभ्र मंदिर उभें आहे. जवळच साधूचा पुतळा आहे.

आम्ही गेलों तेव्हां ओहोटी होती. चिखलावर बगळे चरत होते आणि हवेंत धुपाचा वास होता. इतक्यांत मागून एका मुलीनें हांक मारली, “आजी!” आम्ही चमकून वळलों. ती आपल्या बापाच्या आईस हांक मारीत होती. मराठींतील हाच शब्द भोजपुरींतहि आहे. कलकत्त्याहून निघालेल्या मजुरांबरोबर तो येथवर आला. त्या मुलीस भोजपुरीचें याहून अधिक फारसें येत नव्हतें. तिचें सारें बोलणें इंग्रजींत. चार पिढ्यांत भाषा गेली, परंतु प्रेमानें हांक मारावयाचा शब्द राहिला! मंदिराहून हें दर्शन आम्हांस कमी वाटलें नाहीं. त्या आजीबाईंनीं रस्त्यावरील गाडीवर आम्हांस आग्रहानें ‘डबल्स’ खाऊं घातले. मऊ तळलेले दोन ‘बारा’ आणि त्यांवर काबुली चण्याचा मसालेदार रस्सा असें हें खाद्य आतां सर्व जातिधर्मांचे त्रिनिदादी लोक सकाळीं उभ्या उभ्या खातात. मजुरांच्या चुलीवरची चव साऱ्या देशाची झाली आहे.

ईशान्येकडील मातुरा गांवाचा किनारा पाहण्यास परवाना लागतो, आणि तो रात्रीं पाहावा लागतो. १९९० सालीं सरकारनें अंडीं घालण्याच्या दिवसांत या किनाऱ्यावर मुक्तसंचार बंद केला, आणि गांवकऱ्यांनींच राखणीची संस्था काढली. आम्हांस नेणारा वाटाड्या प्रौढ वयाचा होता. त्याच्या लहानपणीं या वाळूंत कापून टाकलेल्या कांसवांची इतकी दुर्गंधि येई, कीं लोक नाक धरून चालत, असें त्यानें सांगितलें. त्याच्या घरांतहि तें मांस शिजत असे. हें सांगतांना त्यानें कोणास दोष दिला नाहीं. गरिबीचे दिवस होते, इतकेंच म्हणाला.

मध्यरात्रीच्या सुमारास लाटांतून एक काळा खडक वर सरकूं लागला. तें चर्मपाठीचें कांसव होतें. त्याच्या पाठीस कठीण कवच नसतें, चामड्यासारखी त्वचा असते; वजन मात्र तीनशें ते पांचशें किलोपर्यंत भरतें. धापा टाकीत ती माता वर आली आणि मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनीं, एखाद्या कुशल कुंभारिणीनें माती काढावी तशी, ओंजळ-ओंजळ वाळू काढूं लागली. अंडीं घालूं लागेपर्यंत आम्हांस जवळ जाण्याची मनाई होती. कारण त्यापूर्वीं ती बिचकली तर तशीच परत जाते. नंतर मंद तांबड्या दिव्याच्या प्रकाशांत आम्हीं तीं पांढरीं गोल अंडीं खड्ड्यांत पडतांना पाहिलीं. सोबतच्या एका गृहस्थांनीं छायाचित्रासाठीं लख्ख प्रकाश पाडण्याची तयारी केली, तोंच वाटाड्यानें आपला तळहात त्यांच्या यंत्रापुढें धरला. तो रागावला नाहीं, एक शब्दहि बोलला नाहीं. ज्या घरीं एके काळीं कांसव शिजे, त्याच घरचा हा हात! आम्ही त्या कांसवापेक्षां त्या हाताकडेच अधिक वेळ पाहत राहिलों.

टोबॅगोस बोटीनें कांहीं तासांत किंवा विमानानें अर्ध्या तासाच्या आंत पोंचतां येतें. तेथील मुख्य डोंगरराईंतील अरण्य १३ एप्रिल १७७६ रोजीं कायद्यानें राखीव झालें. स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञानें झाडें आणि पाऊस यांचा संबंध ओळखला होता. त्याचे विचार पटलेल्या सोम जेनिन्स या इंग्रज पार्लमेंटच्या सभासदानें वर्षानुवर्षें खटपट करून पर्जन्यरक्षणासाठीं हें रान राखविलें. येथें एक गोष्ट लपवूं नये : ज्या मळेवाल्यांचें ऊंसाचें पीक या पावसावर चाले, ते आफ्रिकेंतून आणिलेल्या गुलामांकडून शेतें कसून घेत. झाडांची कींव आली, माणसांची आली नाहीं. तथापि तें रान आज त्याच गुलामांच्या वंशजांचें झालें आहे, आणि तेच आम्हांस गिल्पिन वाटेनें चालवीत पक्ष्यांचीं नांवें सांगत होते. १९६३ सालच्या फ्लोरा वादळानें या अरण्याची भयंकर पडझड झाली. पांढऱ्या शेपटीचा एक गुंजनपक्षी तेथून कायमचा नाहींसा झाला असें सर्वांनीं धरिलें होतें. १९७४ सालीं तो पुन्हां दिसला. रान सांभाळलेलें असलें म्हणजे गेलेलें पांखरूं कधीं कधीं परत येतें.

परंतु सर्वच परत येत नाहीं. टोबॅगोच्या नैर्ऋत्येस बुक्कू येथें पोवळ्यांचे खडक आहेत. कांचेच्या तळाच्या होडींतून ते दाखवितात. रंगीबेरंगी मासे पाहून मन हरखतें. पण मधूनमधून मोडलेल्या, करड्या पडलेल्या पोवळ्यांचे ढीगहि दिसतात. पूर्वीं पाहुण्यांस रबरी जोडे देऊन याच खडकांवर चालवीत, आणि होड्यांचे नांगरहि त्यांवरच पडत. १९७३ पासून तेथें निर्बंध आहेत. तरी समुद्राच्या वाढत्या उष्णतेपुढें निर्बंधाचें कांहीं चालत नाहीं. जवळच समुद्राच्या मध्यावर कमरेइतक्या पाण्याचा, पांढऱ्या वाळूचा एक पारदर्शक डोह आहे. त्यास नायलॉन पूल म्हणतात. तेथें पोहतांना आम्हांस आनंद झाला, परंतु ते करडे ढीग डोळ्यांपुढून हलले नाहींत. सौंदर्याचा नाश शत्रूच करतो असें नाहीं. कौतुकानें आलेले पाहुणेहि करतात.

वाचकहो, आपल्यापैकीं कोणी पुढेंमागें त्या देशीं गेलें, तर सुती कपडे, छत्री, बळकट जोडे आणि भरपूर सवड बरोबर न्यावी. गांवचाच वाटाड्या घ्यावा. त्याची मजुरी हीच त्या कांसवांची व पक्ष्यांची राखण आहे. शंख, पोवळें, पीस कांहींएक उचलूं नये. आणि तितक्या दूर जाणें न घडलें, तरी बिघडत नाहीं. आमच्या कोंकणांतील वेळास गांवींहि कांसवांचीं पिलें समुद्रांत जातांना पाहण्यास लोक जमतात, आणि तेथेंहि राखण गांवकऱ्यांचीच आहे. सुटींत आपण जेथें जाल तेथें, स्थळ डोळे भरून पाहून झाल्यावर, जवळच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसास एवढें अवश्य विचारावें, कीं हें कोणीं राखिलें? उत्तर ऐकण्यास थोडा वेळ बसावें लागेल. तेवढा वेळ काढून ठेवावा.