परमिट रूम : काही पाट्यांचे वाचन

शब्दांची मुळे हुडकण्याची खोड आम्हाला मराठी शिकवता शिकवता जडली आणि ती वर्गाबाहेरही सुटत नाही. आमच्या शहरात मद्यविक्रीच्या चार तऱ्हेच्या पाट्या दिसतात : 'वाईन शॉप', 'बिअर शॉपी', 'परमिट रूम' आणि 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. पहिल्या तिन्ही पाट्यांची अक्षरे देवनागरी, शब्द मात्र इंग्रजी. मराठी आहे ती फक्त चौथी.

'वाईन शॉप'मध्ये वाईन औषधापुरती. फळ्यांवर राज्य रम-व्हिस्कीचे. 'शॉपी'तला लडिवाळ ईकार खास आपला. बिअरचे प्रकार सांगताना युरोप गावांची नावे घेतो. बोहेमियातल्या पिल्सेन गावी १८४२ साली जी बिअर प्रथम निघाली, ती 'पिल्सनर' म्हणून जगभर गेली. आमच्या नेहमीच्या बैठकीत वेटर एवढेच विचारतो, "माइल्ड की स्ट्राँग?" पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्यापुढे आठपर्यंत स्ट्राँग. चवीचा प्रश्नच नाही, प्रश्न परिणामाचा.

सर्वांत अर्थगर्भ शब्द अर्थात 'परमिट रूम'. त्याचे मूळ १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. आता 'महाराष्ट्र' हे नाव लावून तो कायदा अद्याप जिवंत आहे. त्याच्या लेखी मद्यपान हा नियम नसून अपवाद आहे, आणि पिणाऱ्यापाशी परवाना असणे अपेक्षित आहे. खोली परवानाधारकांची, म्हणून परमिट रूम. आजवर तेथे आम्हाला परवाना कोणीही विचारलेला नाही, आणि विचारला असता तर दाखवण्याजोगा आमच्यापाशी नव्हता. सर्वांनी वाचली आहे असे गृहीत धरलेली आणि कोणीच न वाचलेली संहिता साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवी नाही.

परंतु आम्हाला अधिक छळतो तो 'देशी' हा शब्द. कायद्याच्या भाषेत 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' असा एक वर्ग आहे. तर्कशास्त्रात याला वदतोव्याघात म्हणतील. या विदेशी मद्यातले पुष्कळसे उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभे असते. देशी दारूचा मद्यार्कही बहुधा त्याच मळीचा. कारखान्याच्या दारातून निघालेली एक धार मंद दिव्यांच्या वातानुकूलित खोलीत जाते, दुसरी उघड्या काउंटरवर. तेथे बसायला बाक असेलच असे नाही. नव्वद मिलिलिटरची बाटली उभ्याउभ्या संपवायची आणि वाटेला लागायचे.

त्या आठवड्यात आम्ही वर्गात 'एकच प्याला' शिकवत होतो. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. एका संध्याकाळी परमिट रूममधून बाहेर पडलो. रस्त्यापलीकडे देशीचे दुकान. तेथे आमच्या विभागाचे मामा उभे होते. हुद्द्याने शिपाई, वयाने आमच्याहून वडील. नजरानजर झाली. त्यांनी हातातला ग्लास मागे लपवला आणि मान फिरवली. आम्ही मात्र ओळखीचे हसून पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चहा ठेवताना मामा हळूच म्हणाले, "सर, कालचं कुणाला सांगू नका."

आम्हीही काल प्यायलोच होतो. ते कुणाला सांगू नका, अशी विनवणी मामांना करावी हे आमच्या मनातही आले नव्हते. त्यांनी आम्हाला कोणत्या दारातून निघताना पाहिले, ते त्यांनाही ठाऊक होते. तरी लाज वाटली ती त्यांना.

त्यानंतर वर्गावर गेलो. नाटकात दारूपायी ज्याच्या घराची धूळधाण होते तो सुधाकर वकील आहे, शिकलेला आहे. तरी मराठीने सामान्यनाम केले ते तळीरामाचे. एकतीस डिसेंबरच्या नाकाबंदीत सापडणाऱ्यांना वृत्तपत्रे आजही 'तळीराम'च म्हणतात. सुधाकराचे सामान्यनाम का झाले नाही, असे आम्ही मुलांना विचारले. नाव उच्चारायला लांब पडते, असे एकजण म्हणाला आणि वर्ग हसला. आम्हीही हसलो. आमच्यापाशी दुसरे उत्तर होते; त्या तासाला ते देण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून येथे लिहिले.