पोळ्यांचा डबा

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी जरा कुबड्या घेऊन चालतं, तेव्हा सांभाळून घ्या! तर गोष्ट आमच्या मिनी प्रोजेक्टची. हॉस्टेलच्या मेससाठी आम्ही चौघींनी साइट केली. मेनू, खाडे, बिल, सगळं एका जागी. पण संध्याकाळचे ७ वाजले की पान उघडायला ८ सेकंद! तेवढ्यात खाली जाऊन फळा वाचून येता यायचं.

कारण शोधलं तर गंमतच. मेनू दिवसातून एकदा बदलतो, पण प्रत्येक मुलीसाठी सर्व्हर डेटाबेसला तोच प्रश्न नव्याने विचारत होता. म्हणजे मावशींनी दर ताटाला नवी कणीक मळायची! मावशी काय करतात? पोळ्या लाटून डब्यात ठेवतात. त्या डब्याला आमच्यात कॅश म्हणतात. (रेक्टर मॅडमना सांगितलं, "मॅडम, कॅश सर्व्हरमध्ये ठेवलीय", तर त्या दचकल्याच.) २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नलसाठी मेमकॅश्ड लिहिलं, ते याच दुखण्यावर. हार्ड डिस्कवर एक तुकडा शोधायला काही मिलिसेकंद लागतात, रॅममध्ये शंभरेक नॅनोसेकंद. फरक हजारो पटींचा!

डबा ठेवायचा कुठे? पानात ठेवला तर दर पानाचा वेगळा डबा. आम्ही तो सर्व्हिस लेयरमध्ये, म्हणजे पान आणि डेटाबेस यांच्या मधल्या थरात ठेवला. वेबसाइट असो की मोबाइल अ‍ॅप, मागणी तिथूनच जाते. मेनू बदलायचा हुकूमही तिथूनच, त्यामुळे जुनं तिथल्या तिथे फेकता येतं. स्प्रिंगमध्ये २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून मेथडवर 'कॅशेबल' लिहिलं की झालं. फक्त त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने हाक मारली तर ती सहसा डब्याला वळसा घालून थेट जाते, हे कुणी आधी सांगत नाही!

खरं भांडण बिलावरून झालं. मैत्रीण म्हणाली, बिलही १० मिनिटं डब्यात राहू दे, पैसे आले की तेवढं काढून टाकू. मी अडून बसले. कारण पैसे जमा होतात ते ऑफिसातल्या जुन्या सॉफ्टवेअरमधून, थेट डेटाबेसमध्ये. आमच्या थराला पत्ताच नाही! मग जिचे बाबा गावी बँकेत रांग लावून पैसे भरतात, तिला काउंटरवर 'थकबाकी'च दिसणार. थकबाकी दिसली की ताट नाही, आणि मागे पन्नास जणी बघतायत.

बिल डब्याबाहेरच राहिलं. मेनू आता चुटकीसरशी येतो, बिलाच्या पानाला २ सेकंद लागतात आणि मैत्रीण अजून कुरकुरते.