परसदारची वाटणी

वाटणीपत्रे लिहिणे हा आमच्या उपजीविकेचा एक भाग आहे. सौसर आणि पांढुर्णा या दोन गावांच्या कचेऱ्यांतून वीस वर्षे वावरताना भावाभावांच्या जमिनी, संत्र्याचे बगीचे, पडके वाडे, इतकेच काय पण चिंचेचे एकुलते एक झाडदेखील आम्ही कलमवार विभागून दिले आहे. परंतु स्वतःच्या घरामागील चाळीस हात लांब नि पंचवीस हात रुंद परसाचे वाटणीपत्र लिहावयास बसलो, तेव्हा लेखणी जी अडली ती अद्याप अडलेलीच आहे.

आमचे वडील नागपूर-छिंदवाडा या छोट्या गाडीच्या मार्गावर नोकरीस होते. ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि पुढे तेथे रुंद मार्ग आला. वडिलांनी पगारातून पैसा पैसा साठवून सौसरास जागा घेतली, विहीर खोदली आणि कारवारकडून लग्न करून आणलेल्या आमच्या आईला या काळ्या मातीत आणून बसविले. तिच्या माहेरी माती तांबडी, दारात माड आणि परड्यात कोकमाचे झाड. येथे नारळ विकत घ्यावयाचा, तोही एकादशीस दुप्पट भावाने. रेल्वेच्या त्या पगारात नारळाची चैन परवडण्याजोगी नव्हती. पहिल्या वर्षी आई पुष्कळदा रडत असे, असे वडील सांगत.

मग मृगाचा पाऊस पडला आणि विहिरीच्या कडेने, रस्त्याच्या खांडांतून, जिकडे तिकडे एक पालेभाजी उगवली. शेजारच्या बायका तिचे कोवळे शेंडे खुडीत होत्या. त्या तिला तरोटा म्हणत. आई पाहावयास गेली आणि मोठ्याने म्हणाली, "अगो, हो आमगेलो तायकिळो न्हय!" फणसाच्या आठळ्या येथे कोठून मिळणार? तिने चण्याची डाळ भिजवून घातली. नारळाच्या जागी भाजलेल्या तिळाचा कूट आला, कोकमाच्या जागी आंबाडी आली. आमच्या घरच्या स्वयंपाकाचा पाया त्या दिवशी घातला गेला, असे आम्ही समजतो.

त्यानंतर ती एकेका पाल्याची ओळख काढीत गेली. तिचे तेरें म्हणजे येथल्या बायकांचा धोपा, तिची वाली म्हणजे मराठी मायाळू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून येथल्या मराठी माणसाला कचेरीत हिंदी आणि बाजारात मराठी बोलावी लागते. आमच्या घरी त्यात परसातील कोंकणीची भर पडली, एवढेच.

या परसाची सारी मदार न्हाणीच्या पाण्यावर आहे. विहीर वैशाखात तळ गाठते. त्या दिवसांत भेंडी, दोडके, काकडी यांचे नाव काढावयाचे नाही. आंघोळीचे, भांड्यांचे आणि डाळ-तांदूळ धुतल्याचे पाणी ज्या चरातून जाते त्याच्या काठचे आळू, मायाळू, पुदिना आणि दोन केळी तेवढी तगतात. म्हणून आईच्या राज्यात भांडी राखेने घासावयाची आणि कपडे रिठ्याने धुवावयाचे, हा नियम. न्हाणीच्या बंबात अजून पऱ्हाट्या जळतात, म्हणून राखेस तोटा नाही. तीच राख चाळून माव्यावर भुरभुरावयाची, तीच बियाण्यास लावून वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरावयाची. आमच्या सौ.नी एकदा भांड्यांसाठी बाजारची पूड आणली. पंधरवड्यात मायाळूच्या पानांच्या कडा करपल्या. आई एक अक्षर बोलली नाही. तिने राखेचे मडके उचलून पुन्हा मोरीवर ठेवले. सौ.नीही पूड मुकाट्याने कामवालीस देऊन टाकली. असे निकाल आमच्या न्यायालयात लागते तर आमची उपासमार झाली असती.

स्वयंपाकघरातही तोच न्याय चालतो. दोडक्याची भाजी आणि त्याच्याच शिरांची तीळ घालून चटणी. कोहळ्याच्या फोडी आमटीत जातात आणि बिया वाळत पडतात. आंबाडीचा पाला तूरडाळ व कण्या घालून शिजवावा, वरून लसणाची फोडणी ओतावी. उरलेल्या काड्या भिजत घालून आई त्यांची दोरी वळते आणि त्या दोरीवर पुढल्या वर्षी पडवळ चढतो. वर्ध्यास मगनवाडीत गांधीजींनी पाल्याभाज्यांचे प्रयोग करून १९३५ मध्ये 'हरिजन'मधून त्यांविषयी लिहिले आणि १९६५ च्या अन्नटंचाईत लालबहादूर शास्त्रींनी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, हे आम्ही एकदा आईस मोठ्या प्रौढीने सांगितले. "बरें केलें," एवढेच ती म्हणाली आणि मेथी निवडू लागली.

भाद्रपदात मात्र हे परस काटकसर विसरते. चतुर्थीस गणपतीच्या डोक्यावर आई छोटीशी माटोळी बांधते. तीत कोकणातले काही नसते. असतात ते येथले संत्र्याचे हिरवे फळ, काकडी, पडवळ आणि आंबाडीची तांबडी फांदी. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी वर्ज्य. नांगर न लागलेल्या भुईत हाताने पिकविलेलेच चालते. आळीतल्या पाच-सात घरांची त्या दिवसाची भाजी आमच्या परसातून जाते. कोणी पैसे विचारीत नाही, आम्हीही सांगत नाही.

आता मूळ प्रकरणाकडे वळतो. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात गेले आणि रस्त्याकाठच्या जमिनींचे भाव बोलू लागले. वडील त्याआधीच निवर्तले होते. एका व्यापाऱ्याने परसाच्या जागी दुकानांची ओळ काढण्याची इच्छा दर्शविली. पुण्याच्या धाकट्या भावावर घराचे कर्ज आहे. त्याची निकड खोटी नाही. नागपूरची बहीण म्हणते, आईच्या हयातीत नको. आम्हाला तो पैसा नकोच आहे असेही नाही. माडीचे छप्पर तीन पावसाळे गळते आहे. जागा वडिलांची स्वकष्टार्जित. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आई व आम्ही तिघे भावंडे मिळून चार समान हिस्से. आम्ही नकाशा काढला, तांबड्या शाईने रेघा ओढल्या, विहीर रिवाजाप्रमाणे सामाईक ठेवली आणि मसुदा आईस वाचून दाखविला.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "न्हाणयेचें उदक खंय वतलें तें बरयलां?"

न्हाणीचे पाणी कोठे जाईल, हे आम्ही लिहिले नव्हते. दुसऱ्यांच्या वाटण्यांत नाली, मोरी, पागोळ्यांचे पाणी यांचे एकेक कलम घालणारे आम्ही, स्वतःच्या नकाशात तो चर काढावयासच विसरलो होतो. तो चर काढून पाहिला तर तो चारही हिश्श्यांतून जातो. कोणत्याही एकावर दुकान उभे राहिले की पुढल्यांचे आळू वाळलेच. वाटणी अशक्य असेल तर सबंध जागा विकून पैसे वाटण्याची तरतूद १८९३ च्या वाटणी कायद्यात आहे, हे आम्हास पाठ आहे. ते आम्ही आईस सांगितले नाही.

व्यापाऱ्यास दिवाळीपूर्वी कब्जा हवा आहे. भावाचा दर रविवारी दूरध्वनी येतो. मागच्या रविवारी पैशांविषयी बोलणे झाल्यावर तो घुटमळला आणि वालीचे बी कुरिअरने पाठविता येईल काय, असे विचारू लागला. गच्चीवर कुंडीत लावणार आहे म्हणे. मसुदा आमच्या खणात आहे. इकडे पाऊस सुरू झाल्याबरोबर आईने परसाच्या रस्त्याकडील टोकाला, जेथून दुकानांची ओळ सुरू व्हावयाची नेमक्या तेथे, कोहळ्याची तीन आळी केली. बी टोचून वर राख भुरभुरली. कोहळे पक्व होण्यास चार महिने लागतात. उभ्या पिकात कब्जा मागणे कठीण असते, हे तिला कोणी सांगितले, याचा शोध आम्ही घेत आहोत, सौ.ना विचारले तर त्या हसतात.