रंग की नवी दारं?

दिवाळी तोंडावर आली की जालन्यातल्या घराघरांत हा वाद निघतो: ओट्याखालची दारं रंगवून घ्यायची, की सगळं उचकटून नव्या ट्रॉल्या बसवायच्या? रंगारी म्हणतो, "दोन हात मारले की नव्यासारखं दिसेल." सुतार म्हणतो, "यात आता काही राम नाही राहिला." दोघांचंही पोट त्या उत्तरावर आहे.

जाणता मिस्त्री आधी दारांच्या तोंडाकडे बघतच नाही. सिंकखालचे डबे, बादली, फडकी बाहेर काढायला लावतो आणि उकिडवा बसून दाराच्या खालच्या काठात पेचकस टोचतो. समोरून सनमायका गुळगुळीत असतो. पण तळाचा हा काठ कुणाला दिसत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा उघडाच सोडलेला असतो आणि तिथूनच पाणी शिरतं. पेचकस टणक लागला तर रंग खुशाल द्यावा. तो सहज रुतला, पापुद्रे सुटले किंवा भुगा गळला, तर रंगाचे पैसे पाण्यात. पार्टिकल बोर्ड तर एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही.

जालन्यात हा काठ जरा जास्तच भिजतो. निजामकाळातला घाणेवाडी तलाव आहे, जायकवाडीची पाइपलाइन आहे, तरी नळाला रोज पाणी नाही. ते आलं की पिंप, हंडे, कळशा भरायची धांदल उडते आणि सांडलेलं पाणी दारांच्या पायाशी साचतं. म्हणून नवा प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्यावा. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. साधा एमआर प्लाय फक्त दमटपणापुरता असतो.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत मात्र प्रश्नच निम्मा सुटलेला असतो. ओट्याखालचे कप्पे कडप्प्याचे नाहीतर शहाबादी फरशीचे. ते ना कुजतात, ना वाळवी त्यांना खाते. असा सांगाडा फोडून तिथं लाकडी खोकी बसवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. बदलायची फक्त दारं आणि त्यांची चौकट. वाळवी शिरते ती भिंतीला टेकलेल्या चौकटीतून. प्लायचा ताव ८ बाय ४ फुटांचा. उभा चिरला की जेमतेम २ फुटी दोन पट्ट्या निघतात, म्हणजे १० फुटी ओट्याची दारं एका तावात बसतात. ट्रॉलीवाल्याच्या कोटेशनमध्ये हा हिशेब सहसा नसतो.

(गाव स्टीलचं, तर दारंही स्टीलची का नकोत, असं पाहुणे विचारतात. इथल्या रोलिंग मिलांत निघतात त्या बांधकामाच्या सळया. स्टेनलेसचा पत्रा वेगळा.)

रंगच द्यायचा ठरला तर खरी मेहनत ब्रश हातात घेण्याआधीची. फोडणीच्या वाफेचा चिकट थर धुण्याच्या सोड्यानं काढायचा, दार पुरतं वाळवायचं, मग पॉलिश पेपर. सनमायक्याची चमक घासून मारली नाही आणि त्यावर धरणारा प्रायमर लावला नाही, तर ऑइलपेंट नखानं सोलून निघतो. पांढराशुभ्र रंगही टाळावा: तेलाचा पांढरा अंधाऱ्या स्वयंपाकघरात पिवळा पडतो. खालच्या काठालाही प्रायमर हवा. त्यासाठी दार बिजागऱ्यांतून काढून आडवं ठेवावं लागतं, आणि घाईतला रंगारी नेमकं हेच टाळतो.

दिवाळीच्या आधी तो घाईतच असतो. संक्रांतीनंतर बोलावलं तर हवा कोरडी मिळते, आणि दारं काढायलाही तो कुरकुरत नाही.