दुसऱ्यांची वाक्यं

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. मुंडा आणि द्राविड भाषांचा. त्यात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गोंडी बोलींचे नमुने आहेत. या सर्वेक्षणानं बहुतेक भाषांना एकच गोष्ट सांगायला लावली होती, बायबलातल्या उधळ्या मुलाची. बापाकडून वाटणी मागणारा धाकटा मुलगा, परदेशातली उधळपट्टी, दुष्काळ, डुकरं राखण्याची वेळ आणि शेवटी घरी परतणं. एकच मजकूर शेकडो भाषांत मिळाला तर त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतात. शास्त्राच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच होतं. पण असा नमुना पाहताना माझ्या मनात येतो सांगणारा माणूस. ही गोष्ट सांगून झाल्यावर तो घरी गेला असेल. तिथं तो कशाबद्दल बोलला असेल? मोहाबद्दल, पावसाबद्दल, पेनाच्या, म्हणजे देवाच्या जत्रेला कोण कोण येणार याबद्दल? ते कुणी लिहून घेतलं नाही. गोंडी तिथं बरीचशी नोंदली गेली ती दुसऱ्याचं वाक्य बोलताना.

आज गोंडी संगणकाला शिकवायचे प्रयत्न चालू आहेत आणि मला ते मनापासून हवे आहेत. आम्ही चंद्रपूरकर गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत वाढलो. जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजांखालून रोज जातो-येतो, अंचलेश्वराला हात जोडतो, राणी हिराईचं नाव अभिमानानं घेतो. पण ज्यांनी हे उभारलं त्यांची भाषा आम्हाला येत नाही. ती मराठीचीच एखादी रानटी बोली आहे, असं समजणारी शिकलेली माणसं मला अजून भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं. गोंडी द्राविड कुळातली आहे, तेलुगू-कन्नडची नातलग. २०११ च्या जनगणनेत तिचे बोलणारे सुमारे तीस लाख होते, पण सात-आठ राज्यांत विखुरलेले. कुठल्याच राज्याची ती राजभाषा नाही आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही तिला जागा नाही.

इथं मला श्रीलंकेची सिंहल भाषा आठवते. संगणकशास्त्रात तिला अल्पसाधन भाषा म्हणतात, कारण यंत्राला शिकवण्याजोगा मजकूर तिच्यात इंग्रजीच्या मानानं फार थोडा आहे. तरी तिचे बोलणारे दीड कोटीहून जास्त आहेत, तिच्या पाठीशी एक देश आहे, वर्तमानपत्रं आहेत, शाळा आहेत आणि कोलंबो विद्यापीठात भाषातंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आहे. तिची लिपी १९९९ मध्येच युनिकोडमध्ये आली. एवढं असून सिंहल गरीब मोजली जाते. मग गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या गोंडीला काय म्हणावं?

यंत्र भाषांतर शिकतं जोड्यांवरून. हिंदीतलं एक वाक्य आणि तेच गोंडीतलं, अशा हजारो जोड्या त्याला दाखवाव्या लागतात. त्या गोळा करायचं मोठं काम फोनवर लोकांचं बोलणं नोंदवणारं सीजीनेट स्वर, मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया आणि नया रायपूरची आयआयआयटी यांनी मिळून केलं. सहा-सात राज्यांतले गोंडी बोलणारे एकत्र बसले, शब्दांवर वाद घातले आणि त्यातून २०१८ मध्ये एक सामाईक शब्दकोश हंपीच्या कन्नड विद्यापीठात पुढे आला. मुलांच्या गोष्टी गोंडीत आल्या, गोंडी मजकूर वाचून दाखवणारं ‘आदिवासी रेडिओ’ हे अ‍ॅप आलं. २०२० मध्ये त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा हाती आलेले शब्द आणि वाक्यं बारा हजारांहून थोडी कमी होती आणि पुढेही मदतीला येतील अशी साडेसहाशेहून अधिक माणसं मिळाली होती. हा साडेसहाशेचा आकडा मला बारा हजारांपेक्षा मोठा वाटतो.

पण वाक्यं कुठून आली? बहुतेक हिंदीतून. आधी हिंदी वाक्य, मग त्याचं गोंडी. १ सप्टेंबर २०२५ ला केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयानं ‘आदि वाणी’ या भाषांतराच्या अ‍ॅपचं प्राथमिक रूप खुलं केलं. संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषा त्यात आहेत. दिल्लीच्या आयआयटीच्या पुढाकारानं ते झालं आणि झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, मेघालय या राज्यांच्या आदिवासी संशोधन संस्था त्यात सामील होत्या. त्या यादीत महाराष्ट्र नाही, हे मला टोचतं. गडचिरोलीच्या माणसानं त्या यंत्राशी बोलायचं म्हणजे पुन्हा दुसऱ्या मुलखाच्या गोंडीत बोलायचं.

हा फरक बारीकसारीक नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहेरीच्या गोंडीला स्वतंत्र संकेत आहे, आदिलाबादच्या गोंडीला वेगळा, उत्तरेकडच्या गोंडीला आणखी वेगळा. भामरागडची माडिया तर या सगळ्यांच्याही पलीकडे. एका मुलखात शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ ऐकू येतो, दुसरीकडे त्याचा ‘ह’ होतो आणि डोंगराळ भागात तो गळूनच जातो. मीठ कुठे सोवर, कुठे होवर, कुठे ओवर. बाजारात समोरासमोर बसलेल्या दोन बायांना यानं काही अडत नाही, कान ते आपोआप जुळवून घेतो. यंत्राला मात्र हे तीन निराळे शब्द दिसतात. आधीच मूठभर असलेला मजकूर असा तीन वाट्यांत विभागला जातो आणि एकही वाटा पुरेसा उरत नाही. मग प्रमाणीकरणाचा मोह होतो. एक रूप ठरवा, बाकीची सोडा. मराठीनंही हे केलं आणि पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीबोलीला त्याची किंमत मोजावी लागली. ते पाहिलेल्या माणसाला गोंडीसाठी तोच रस्ता सुचवता येणार नाही. ‘स’ आणि ‘ह’चं नातं नियमात बसतं, आणि जे नियमात बसतं ते यंत्राला शिकवता येतं. थोडे जास्त कष्ट आहेत, एवढंच.

लिपीचंही तसंच. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली लिपी २०१७ ला युनिकोडमध्ये आली. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात, गुंजाला गावी हस्तलिखितांत सापडलेली लिपी पुढच्याच वर्षी आली. दोन्ही लिपींचे फॉन्ट आज फुकट मिळतात. इकडची मुलं शाळेत देवनागरी शिकतात, तेलंगणातली तेलुगू. एका भाषेच्या इतक्या लिपी म्हणजे अडचण, असं संगणकवाले म्हणतात. मला ती श्रीमंती वाटते. लिपी बदलून देणं यंत्राला सगळ्यात सोपं. ते काम त्यानं करावं, माणसांना एका लिपीत कोंबू नये.

खरी वाट मला दिसते ती आवाजाची. शुभ्रांशु चौधरी यांनी छत्तीसगडात सुरू केलेल्या सीजीनेट स्वरमध्ये पहिल्यापासून लिहायची अट नव्हती. साध्या मोबाईलवरून एका क्रमांकाला मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र उलट फोन करायचं आणि आपण बोलायचं. हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, किंवा नुसतं एक गाणं. काय बोलायचं ते कुणी ठरवून दिलेलं नसे. भाषेच्या अभ्यासासाठी ते उभारलं नव्हतं, तरी गोंडीला तिथं आपलं वाक्य बोलता आलं. अशी बोलणी बोलणाऱ्यांच्या संमतीनं लिहून काढली, तर यंत्र खरी गोंडी शिकू शकेल. आधी गोंडी, मग तिचं हिंदी-मराठी. जोडी तीच राहते, फक्त सुरुवात गोंडीकडून होते.

संमतीचं मी सहज म्हटलेलं नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यानं विकला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. पूर्वी पानांचे पुडे संकलनाच्या फळीवर मोजून द्यायचे आणि पुढे त्यांचं काय झालं ते विचारायचं नाही, असा रिवाज होता. आज भाषेचे आवाज जवळपास तसेच गोळा होतात. माणूस येतो, वाक्यं वाचायला लावतो, तासाचे पैसे देतो, निघून जातो. त्या आवाजातून काय बनलं, ते गावाला कळत नाही. ज्या जिल्ह्यानं बांबूचा हिशेब मागायला साऱ्या देशाला शिकवलं, त्यानं आवाजाचाही मागावा.

त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिला नाव दिलं गोटूलचं, म्हणजे गोंडांच्या तरुणांच्या पारंपरिक शिक्षणघराचं. मान्यतेसाठी तिला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं. भाषा शिकवण्याची साधनं बनवणाऱ्या संशोधकांनी पहिला मुक्काम अशा जागी करावा, असं मला फार वाटतं. तिथं शिक्षकाला काय लागतं ते विचारावं. कदाचित त्याला भाषांतर नकोच असेल. कदाचित मुलानं म्हटलेलं ऐकून ते देवनागरीत आणि मसराम लिपीत उमटवणारी साधी पाटी हवी असेल, किंवा आजीनं सांगितलेली गोष्ट साठवून ती हव्या त्या गतीनं ऐकवणारं काहीतरी. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. ध्वनिमुद्रणाची खोली तिथं असावी आणि तिची किल्ली ग्रामसभांनी नेमलेल्या माणसांकडे असावी.

पहिली हजार वाक्यं या माणसांनीच निवडावीत. कोणत्या झाडाचा मोह आधी गळतो, पाणी कुठल्या नाल्याला उशिरापर्यंत टिकतं, हिवतापाची गोळी कधी घ्यायची, वाघाचा माग दिसला तर कुणाला हाक मारायची, बँकेच्या खात्यात मजुरी आली का हे कसं विचारायचं, रागावलेल्या नातवाला आजी काय म्हणते. मराठी आणि हिंदी नंतर लिहावी, समोरच्या रकान्यात. जिथं गोंडीतलं सगळं मराठीत आणता येणार नाही तिथं रकाना अर्धा सोडावा आणि यंत्रालाही तो अर्धाच दाखवावा.