इडायनाची पण्यवीथी

‘मॉल’ हा शब्द आतां आपल्या घरांतील लहान मुलांच्याही तोंडीं बसला आहे; पण त्याचें कुलवृत्त मोठें गमतीचें आहे. इटलींत लांकडी हातोड्यानें चेंडू टोलवीत नेण्याचा एक खेळ असे. तो पुढें इंग्लंडांत गेला, आणि लंडनच्या राजोद्यानालगत ज्या वृक्षांच्या रांगांमधून तो खेळत त्या वाटेलाच ‘मॉल’ म्हणूं लागले. मग सावलींतून फिरावयाच्या कोणत्याही प्रशस्त रस्त्याला तें नांव मिळालें. सिमल्याचा मॉल त्याच वंशांतला. अमेरिकेनें त्या रस्त्यावर छप्पर घातलें व दोन्ही अंगांस दुकानें बसविलीं. संस्कृतांत अशा दुकानांच्या वाटेला पण्यवीथी असा सुंदर शब्द आहे. वाचकांची अनुज्ञा गृहीत धरून मी येथें तोच योजितों.

माझी धाकटी कन्या मिनेसोटा राज्यांत, मिनिआपोलिस शहराजवळ राहते. गेल्या हिवाळ्यांत मी दोन महिने तिच्याकडे होतों. या जातीची आद्य पण्यवीथी तिच्या घराजवळच आहे हें कळल्यावर ती पाहिल्यावांचून परतणें शक्यच नव्हतें. तिचें नांव साउथडेल, गांव इडायना. चोहों बाजूंनी बंद, हिवाळ्यांत उबदार व उन्हाळ्यांत थंड अशी ही अमेरिकेंतील पहिली मोठी पण्यवीथी 8 ऑक्टोबर 1956 रोजीं उघडली. बाहेरून मात्र मनाची निराशा होते. आपल्या बाजारांतील दुकान रस्त्याकडे तोंड करून बसतें, येणाऱ्याजाणाऱ्याला हांक मारतें. येथें साऱ्या दुकानांनीं जगाकडे पाठ फिरविली आहे! कोऱ्या भिंती, आणि त्यांच्याभोंवतीं मोटारी उभ्या करण्याचें अफाट मैदान. पारा शून्याच्या बराच खालीं गेलेला, हाडें गोठविणारा वारा. आणि दार लोटून आंत पाऊल टाकतांच चैत्र महिना!

हा चैत्र निर्माण करणारे गृहस्थ व्हिक्टर ग्रुएन. जन्म व्हिएन्ना, 1903. जातीनें ज्यू, धंद्यानें स्थापत्यविशारद. 1938 सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला, तेव्हां ते जीव घेऊन अमेरिकेस आले. उतरले तेव्हां खिशांत अवघे 8 डॉलर होते असें सांगतात. व्हिएन्नाचे चौक, तेथील कॉफीगृहें, ओळखीपाळखीच्या लोकांच्या गप्पा हें सारें त्यांच्या डोळ्यांपुढून कधीं हललें नाहीं. अमेरिकेच्या उपनगरांत माणूस घरांतून मोटारींत व मोटारींतून घरांत, असा एकटा जगतो. त्याला बसायला, बोलायला एक चौक द्यावा, ही त्यांची तळमळ होती. म्हणून साउथडेलच्या मध्यभागीं त्यांनीं विस्तीर्ण चौक केला. त्यांत झाडें, मासळ्यांचें कुंड, मोठ्या पिंजऱ्यांत रंगीत पक्षी, आणि शिल्पकार हॅरी बर्टोया यांनीं घडविलेले धातूचे सुवर्णवृक्ष. ते वृक्ष मीं पाहिले, अद्याप आहेत. भोंवतालीं घरें, शाळा, उद्यान व दवाखाने वसवून पुरें गांवच करण्याचा त्यांचा संकल्प होता. तो बहुतांशीं कागदावर राहिला.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. याच इडायनांत 1924 पासून वसविलेल्या एका प्रतिष्ठित वसाहतीच्या खरेदीखतांत गोऱ्यांखेरीज इतरांस घर न विकण्याचें कलम असे. वंशद्वेषानें देशोधडीला लागलेल्या माणसानें सर्वांच्या भेटीगांठींसाठीं चौक बांधला, तो अशा गांवांत! शिवाय ज्याच्यापाशीं मोटार नाहीं त्याला त्या चौकाची वाट बहुधा बंदच.

या पण्यवीथी देशभर पसरल्या त्या मात्र ग्रुएन यांच्या स्वप्नामुळें नव्हेत. 1954 सालच्या कर-कायद्यानें नव्या इमारतींचा घसारा पहिल्या कांहीं वर्षांतच भरपूर वजा घालण्याची मुभा दिली. त्यामुळें पैसेवाल्यास नवी इमारत उठविणें, कागदावर तोटा दाखवून कर वांचविणें, आणि मग ती विकून दुसरी उठविणें सोयीचें झालें. 1956 च्या कायद्यानें राष्ट्रीय महामार्गांचें जाळें विणावयास घेतलें. मग काय, रस्त्यांच्या सांध्यासांध्यावर पण्यवीथी उगवल्या. गांवांतील जुन्या पेठा ओस पडल्या. ग्रुएन 1968 च्या सुमारास विटून व्हिएन्नास परतले; तेथेंही शहराबाहेर 1976 सालीं तशीच एक प्रचंड पण्यवीथी उभी राहिली. 1978 मध्यें लंडनच्या एका भाषणांत त्यांनीं या अपत्यांचें पितृत्व स्पष्ट नाकारलें. 1980 सालीं ते वारले.

आतां उतरती कळा. पण्यवीथीच्या टोकांस एकेक भलें मोठें दुकान असतें. त्याला तिकडे नांगर म्हणतात. साउथडेलला डेटन आणि डोनाल्डसन असे दोन नांगर होते. गिऱ्हाईक नांगराकडे येतें आणि मधल्या लहान दुकानांतून फिरतें. म्हणून नांगराला भाडें थोडें, लहानांना फार. नांगर उठला कीं भाडें कमी करून घेण्याचा किंवा निघून जाण्याचा हक्क लहानांच्या करारांत पुष्कळदां लिहिलेला असतो. त्यामुळें एक गेला कीं दहा जातात. नांगर उठण्याचीं कारणें अनेक: गरजेहून अधिक झालेलें बांधकाम, स्वस्त मालाचीं मोठीं दुकानें, आणि शेवटीं घरपोंच माल पाठविणाऱ्या कंपन्या. गंमत अशी कीं, साउथडेल उभारणाऱ्या डेटन घराण्याच्याच कंपनीनें 1962 सालीं ‘टार्गेट’ नांवाचें स्वस्त दुकान काढलें. सीअर्सनें 2018 सालीं आणि जे. सी. पेनीनें 2020 सालीं दिवाळखोरीचा अर्ज केला.

ओहायो राज्यांत क्लीव्हलँडजवळ नॉर्थ रँडल हें जेमतेम हजार वस्तीचें खेडें आहे. तेथील घोड्यांच्या शर्यतींच्या जुन्या मैदानावर 1976 सालीं रँडल पार्क नांवाची पण्यवीथी उघडली, ती जगांत सर्वांत मोठी अशी जाहिरात करून. 2009 सालीं तिचे दरवाजे बंद झाले, पुढें ती पाडली, आणि 2018 पासून त्याच भूमीवर ॲमेझॉनचें कोठार चालूं आहे. ज्यानें मारलें त्यानेंच वतन घेतलें!

साउथडेल अद्याप तग धरून आहे. तेथील पेनीच्या जागीं 2019 सालीं मोठी व्यायामशाळा आली, आणि मोटारींच्या मैदानाच्या कडेला राहण्याच्या इमारती झाल्या. ग्रुएन यांचीं घरें अखेर आलीं म्हणावयाचीं, पण त्यांना पाहावयास न मिळतां.

मीं कन्येला विचारलें, “तूं येथें खरेदीला येतेस ना?”

“बाबा, खरेदी घरबसल्याच होते. तुम्हांला बर्फांत पाय मोकळे करतां येत नाहींत, म्हणून इथें आणलं.”

आणि खरेंच, सकाळीं दुकानें उघडण्यापूर्वी तेथें माझ्याच वयाचीं माणसें भिंतीकडेनें फेऱ्या घालीत होतीं. कांहीं जोडीनें, बरींचशीं एकटीं. तिसऱ्या दिवसापासून त्यांतले दोघेतिघे मला पाहून हात वर करूं लागले. फेऱ्या संपल्या कीं सुवर्णवृक्षांजवळ जाऊन बसावयाचें, गुडघ्यांची व नातवंडांची विचारपूस करावयाची, आणि दुकानांचीं दारें उघडूं लागलीं कीं कांहीं न घेतां उठावयाचें, असा त्यांचा नेम होता.