बूट नेमकं कुठे अडलं?

लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप 'मेला', असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचं काय दिसलं? बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत काम हातोहात पुढे जातं. आधी फर्मवेअर, मग ग्रब, मग कर्नल, मग सिस्टिमडी. 'बूट होत नाही' म्हणजे यातल्या एकाने पुढच्याच्या हातात काम दिलं नाही. तो कोण, हे पडद्यावरच्या शेवटच्या खुणेवरून कळतं. ते कळायच्या आत पुन्हा फॉरमॅट मारणं हाच या सगळ्यातला खरा धोका.

*

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याला चालत नाहीत. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप घरोघरी अडगळीत निघाले आहेत. त्यांच्यावर मिंट किंवा उबुंटू उत्तम चालतं. म्हणूनच पहिल्याच दिवशी काळी स्क्रीन बघून माणूस माघारी फिरला, की हळहळ वाटते.

*

पुतण्याचा फोन. "काका, काहीच दिसत नाहीये."

"काहीच नाही? कंपनीचं चिन्ह?"

"ते येतं."

"मग मेन्यू?"

"येतो. उबुंटू निवडलं की सगळं काळं."

म्हणजे फर्मवेअर ठीक, ग्रबही ठीक. कर्नल बहुधा चालू झालाय, त्याला फक्त चित्र दाखवता येत नाहीये. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलेल्या लॅपटॉपवर हे वरचेवर होतं. त्याला म्हटलं, मेन्यूत उबुंटूच्या ओळीवर थांब आणि ई दाब. बूटच्या आज्ञा उघडल्या. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची, तिच्या शेवटचे 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द खोडायचे, तिथे 'नोमोडसेट' जोडून लिहायचं आणि एफ१० दाबायचं. पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या आणि लॉगिनची चौकट आली. अक्षरं मोठी, फाटलेली, पण आली. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो. आत शिरल्यावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, की त्याची गरज उरत नाही.

सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. पुष्कळ जण तो काय आहे हे न कळून पुढे जातात, ड्रायव्हर लोड होत नाही आणि दोष लिनक्सच्या माथी येतो.

*

'क्वाएट स्प्लॅश' ही मुळातली निवडच मला पटत नाही. सगळं सुरळीत असताना छान चित्र दिसतं, आणि बिघडल्यावर जे वाचायला हवं नेमकं तेच झाकलेलं असतं. नव्या माणसाच्या लॅपटॉपवर पहिले काही दिवस तरी मी ते काढून ठेवतो.

*

मेन्यूच येत नाही, थेट विंडोज उघडतं, किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' असं येतं. आता बघायचं ते फर्मवेअरकडे. यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरच्या लॅपटॉपवर डिस्कच्या एका लहानशा फॅट३२ पार्टिशनमध्ये बूटच्या फाइली असतात: विंडोजचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं वेगळं. कोणती फाइल आधी उघडायची याची यादी मात्र मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. इन्स्टॉलर दोन्हीकडे नोंद करतो, पण काही लॅपटॉपांचं फर्मवेअर ती यादी धड पाळत नाही. अशा वेळी लाइव्ह पेनड्राइव्हवरून 'ईएफआय-बूट-एमजीआर' चालवावं, यादी समोर येते. उबुंटूची नोंद असूनही खाली असेल तर वर आणावी. त्यानेही भागलं नाही, तर त्याच पार्टिशनमधल्या 'बूट' नावाच्या फोल्डरमध्ये शिम (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारी लहानशी फाइल) आणि ग्रबच्या प्रती ठेवाव्यात, शिमच्या प्रतीला 'बूटएक्स६४' हे नाव देऊन. यादीत काहीच सापडलं नाही की फर्मवेअर शेवटी तीच फाइल शोधतं.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने उघडला असेल, तर लिनक्सही त्याच पद्धतीने बसतं आणि यूईएफआयवरच्या विंडोजशी त्याची गाठ पडत नाही. लाइव्ह सिस्टिममध्ये 'सिस' फोल्डरातल्या 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' दिसलं तर आपण यूईएफआयमध्ये आहोत. नसेल तर इन्स्टॉल सुरूच करू नये.

*

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही? बऱ्याचदा सेटअपमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटीवर असतं. ते एएचसीआयवर न्यायचं, पण त्याआधी विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांगून ठेवायचं. नाहीतर विंडोजही अडतं.

*

जुन्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येतं. घाबरवणारं दिसतं, पण याच्याइतकी हाताला येणारी अडचण मला दुसरी माहीत नाही. जुन्या बायोसच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, आणि त्यात बूटच्या कोडला जागा ४४६ बाइटचीच. तिथून ग्रब पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या पट्ट्यात उडी मारतं आणि मग आपलं उरलेलं सामान लिनक्सच्या पार्टिशनमध्ये शोधतं. मध्ये कुणी पार्टिशन काढलं किंवा त्याचा क्रमांक बदलला, की सामान सापडत नाही आणि ते इथे येऊन थांबतं.

'एलएस' लिहिलं की कंसांत नावं येतात: एचडी०, मग एचडी० एमएसडॉस१, एमएसडॉस५, एमएसडॉस६. एकेकाच्या आत डोकवायचं. पहिल्याला 'अननोन फाइलसिस्टिम'. पाचव्यालाही तेच. सहाव्यात 'होम', 'ईटीसी', 'बूट' अशी नावं ओळीने आली, की सगळं जागच्या जागी आहे. 'रूट' आणि 'प्रिफिक्स' त्या पार्टिशनवर लावायचे, 'इनस्मॉड नॉर्मल', मग नुसतं 'नॉर्मल'. नेहमीचा मेन्यू उघडतो. आत गेल्यावर ग्रब पुन्हा बसवायचं, आणि ते सबंध डिस्कवर, एखाद्या पार्टिशनवर नाही.

*

'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असं म्हणत दीड मिनिट मोजलं जातं आणि मग इमर्जन्सी मोड. इथे नव्वद टक्के वेळ द्यायचा तो कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं हे लिहिलेल्या 'एफएसटॅब' फाइलीला. पार्टिशन फॉरमॅट झालं की त्याचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक बदलतो, फाइलीत मात्र जुनाच राहतो. विंडोजच्या किंवा जादा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' लिहिलं, तर ती डिस्क नसली तरी बूट पुढे जातं.

*

कधीकधी बसवणाऱ्याकडून काहीच चुकलेलं नसतं. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर दोन्ही सिस्टिम असलेल्या कित्येक मशीनांवर लिनक्स उघडेना. 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' एवढं दिसे आणि लॅपटॉप बंद पडे. त्या अपडेटने जुनी, असुरक्षित शिम नाकारायचा नियम फर्मवेअरमध्ये लिहिला होता. दोन्ही सिस्टिम असतील तिथे तो लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण तो झाला. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्समध्ये जाऊन 'मोकयूटिल'ने तो नियम पुसायचा, शिम अपडेट करायची, मग सिक्युअर बूट परत चालू करायचं.

आणि २०१७च्या डिसेंबरात कॅनॉनिकलला उबुंटू १७.१० डाउनलोडवरून काढून घ्यावं लागलं. कर्नलमधल्या इंटेल एसपीआयच्या ड्रायव्हरमुळे मुख्यतः लेनोवोच्या काही मॉडेलांचं बायोस बिघडत होतं. सेटिंग टिकेनात, काहींवर यूएसबीवरूनही बूट होईना. दुरुस्त प्रत जानेवारी २०१८मध्ये आली. असं असताना घरी बसून स्वतःला बोल लावणाऱ्यांबद्दल वाईट वाटतं.

*

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. ४८ आकडी असते. पुष्कळ नव्या लॅपटॉपांवर एन्क्रिप्शन आपसूक चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, पण ते खातं कोणत्या ईमेलवर काढलं होतं हे लॅपटॉप अडकण्याआधीच आठवून ठेवावं.

*

दुरुस्तीला बसताना क्रम असा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून आधी फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर. मग लिनक्सचं पार्टिशन माउंट करून सीएचरूटने आत शिरायचं, ग्रब बसवायचं, मेन्यू नव्याने तयार करायचा. बूट झालं की ईएफआय-बूट-एमजीआरची यादी फोनवर टिपून ठेवायची आणि तो पेनड्राइव्ह महिनाभर तरी पुसायचा नाही.